क्लिअर लेकच्या शेतातला काळा चष्मा

अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या डी मॉइनहून आय-३५ महामार्गाने उत्तरेला दोन तास, एक्झिट १९४. वाटेत मका, सोयाबीन, पुन्हा मका. क्लिअर लेक गावातल्या सर्फ बॉलरूमवर सगळेच लिहितात, म्हणून इथे फक्त एवढंच: रॉक अँड रोल गायक बडी हॉलीचा शेवटचा कार्यक्रम २ फेब्रुवारी १९५९ला याच हॉलमध्ये झाला. खरं बघायचं ते गावाबाहेर आहे: त्याच रात्री त्याचं विमान कोसळलं आणि आतले चौघेही गेले, ती जागा.

गल अ‍ॅव्हेन्यूने उत्तरेला जात राहायचं. ३१५व्या स्ट्रीटच्या फाट्यावर पोलादी पत्र्याचा भलामोठा काळा चष्मा उभा आहे, हॉली घालायचा तसा. पाटीपेक्षा तोच आधी दिसतो. गाडी कडेला लावायची आणि तारेच्या कुंपणाच्या कडेकडेने पश्चिमेला चालायचं. शेत खासगी आहे, पिकात पाय घालू नये. पावसानंतर इथला काळा चिखल बुटाला किलोकिलोने चिकटतो, ऑगस्टमध्ये मका डोक्यावर जातो आणि पुढचं काही दिसत नाही. शेवटी कुंपणाजवळ पोलादी गिटार आणि तीन तबकड्या आहेत, १९८८ साली उभारलेल्या. तबकड्यांवर हॉली आणि त्याच्यासोबत गेलेले गायक रिची व्हॅलेन्स आणि जे. पी. रिचर्डसन यांची नावं. वैमानिक रॉजर पीटरसनचं स्मारक मात्र २००९मध्ये आलं. एवढा उशीर मला खटकला.

कारण सगळा दोष हवामानावर आणि त्या २१ वर्षांच्या पोरावर टाकला की गोष्ट फारच सोपी होते. दौऱ्याच्या बसमधलं हीटर बंद, ड्रमर कार्ल बंचचे पाय थंडीने गारठून तो इस्पितळात. पुढचा कार्यक्रम मूरहेडला, म्हणून हॉलीने त्याला लागून असलेल्या फार्गोपर्यंत चार आसनी बीचक्राफ्ट बोनान्झा विमान ठरवलं. माणशी ३६ डॉलर. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास ते उडालं. बर्फ, ढग, खाली अंधारी शेतं, म्हणजे बाहेर क्षितिज नाहीच. अशा वेळी फक्त उपकरणांवर भिस्त ठेवून उडवावं लागतं आणि पीटरसनकडे तो परवाना नव्हता. त्यात विमानातला स्पेरी जायरो, म्हणजे विमानाचा कल दाखवणारं उपकरण, नाकाची चढ-उतार नेहमीच्या कृत्रिम क्षितिजाच्या उलट दाखवायचा. सवयीच्या डोळ्यांना खाली जाणारं विमान वर चढताना दिसू शकतं. बिघडलेल्या हवामानाचे विशेष इशारेही त्याच्यापर्यंत पोचले नव्हते. हे सगळं चौकशी अहवालात आहे, तरी पर्यटकांना व्हॅलेन्सला नाणं उडवून विमानात जागा मिळाल्याचा किस्साच आवडतो.

जमिनीला आधी उजवा पंख लागला. तिथून सांगाडा ५४० फूट घरंगळत कुंपणाला अडला. पायाखाली सपाट माती आहे. टेकाड नाही, झाड नाही, अडखळावं असं काही नाही.

लोक स्मारकापाशी नाणी आणि स्वस्त प्लास्टिकचे चष्मे ठेवून जातात. हॉलीचा स्वतःचा चष्मा बर्फ वितळल्यावर सापडला आणि १९८०पर्यंत मेसन सिटीच्या कोर्टात पाकिटात पडून होता. आता तो लबकला, त्याच्या गावी आहे.

परतताना ते विमान उडालं त्या विमानतळावरून गेलात तर गाडीला दहाएक मिनिटं लागतात. विमान पाचेक मिनिटांतच इथवर आलं होतं. विमानाचे मालक ह्युबर्ट ड्वायर टॉवरवरून शेपटीचा दिवा हळूहळू खाली जाताना बघत होते.