डिफरन्शियलचा आवाज आणि बुजलेला ब्रीदर

गाडीच्या मागून आवाज यायला लागला. दोष शेवटी निघाला डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलवरच्या, चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीत. पण तेव्हा मी आधी टायरवर संशय घेतला, मग चाकाच्या बेअरिंगवर. मागचं डावं बेअरिंग बदलूनही झालं. आवाज जिथल्या तिथे. ताशी साठ किलोमीटरच्या आसपास मागच्या सीटखालून ‘ऊंऽऽ’ असा सूर लागायचा आणि वेगाबरोबर चढत जायचा.

मग मी मोकळ्या रस्त्यावर फक्त आवाज ऐकण्यासाठी गाडी चालवली. हे खरं तर आधी करायला हवं होतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की सूर लागे, पाय उचलला की जवळजवळ विरून जाई. एकाच वेगात चौथा आणि पाचवा गिअर टाकून पाहिला, सूर तोच. म्हणजे इंजिन नव्हे. गाडी हलकेच डावी-उजवीकडे घेतली तरी बदल नाही. चाकाचं बेअरिंग असतं तर वजन एका बाजूला पडताच आवाज बदलला असता. अगदी आखूड वळणावरही कटकट नव्हती, म्हणून वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे स्पायडर गिअरही बाद. उरलं क्राउन-पिनियन (पिनियन हा इंजिनकडून फिरणारा छोटा गिअर, क्राउन त्याने फिरणारं मोठं चक्र) नाहीतर पिनियनचं बेअरिंग.

डिफरन्शियलचं ऑइल काढताना भरायचा बोल्ट आधी सैल केला. तो जाम निघाला तर हौसिंग रिकामं करून बसावं लागतं. ऑइल निम्मंच निघालं. ऑइल काढायच्या बोल्टच्या चुंबकावर राखाडी चिखल असतोच, पण त्यात चमकणाऱ्या पातळ चकत्याही होत्या. पुढून ताकद आणणारा प्रोपेलर शाफ्ट सोडून तो जिथे जोडतात ती पिनियनची फ्लँज धरली, तर ती हाताने वर-खाली हलत होती. तिथे खेळ अजिबात चालत नाही. जोर पडला की पिनियन सरकतो, दातांची बैठक बिघडते आणि तोच सूर ऐकू येतो.

उघडण्याआधी बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजून ठेवला आणि बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी खूण केली, कारण त्यांची अदलाबदल चालत नाही. पिनियनचं पुढचं बेअरिंग खलास झालं होतं. ऑइल कमी पडलं की पहिला फटका त्यालाच बसतो. दातांवर मात्र खड्डा नव्हता. जोडी वाचली याचा मला फार आनंद झाला, कारण क्राउन आणि पिनियन एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बदलायचे तर दोन्ही एकत्रच.

सगळी बेअरिंगं आणि सील नवी, शिम (अंतर जुळवणारे पातळ वॉशर) मात्र जुनेच. खरी कसोटी पिनियनच्या नटाची. त्याच्या आतल्या बाजूला, दोन बेअरिंगांमध्ये असलेली क्रश स्लीव्ह (दबणारी नळी) दबत जाते तसा बेअरिंगवर ताण बसतो. थोडं आवळायचं, पिनियन फिरवून त्याचा अडसर मोजायचा, पुन्हा किंचित आवळायचं. मी एकदा पुढे गेलो. नट मागे फिरवून चालत नाही, दबलेली स्लीव्ह परत फुगत नाही. दुसरी स्लीव्ह आणली आणि पुन्हा पहिल्यापासून. डायल गेजवर बॅकलॅश ०.१५ मिमी आला. मॅन्युअलमधली मर्यादा ०.१३ ते ०.१८. दातांना पिवळी पेस्ट लावून फिरवलं, ठसा मधोमध उमटला. हात थांबवून मी तो बराच वेळ बघत राहिलो.

पण ऑइल गेलं कुठे? फ्लँजभोवती तेलकट मातीचा थर होता, म्हणजे सीलमधून. आणि सील का गळलं, हे अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी तोटी) काढल्यावर कळलं. तो चिखलाने घट्ट बुजला होता. गरम झालेली आतली हवा बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तिने ऑइलच बाहेर ढकललं. नुसतं सील बदललं असतं तर ते पुन्हा गळलं असतं.

ब्रीदर नवा बसवला, जीएल-५ प्रतीचं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरणाच्या भोकापर्यंत भरलं. या क्राउन-पिनियनचे हायपॉइड प्रकारचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना तेच लागतं. पहिले काही दिवस जोर न देता चालवली. आठशे किलोमीटरनंतर बोल्ट काढून पाहिला: चुंबकावर फक्त राखाडी चिखल, चकती एकही नाही.