मार्कच्या शुभवर्तमानाचे शेवटचे वचन

सांगलीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी शास्त्राभ्यासाला दहा-बारा जण जमतात. या वर्षी पुनरुत्थानदिनाच्या (ईस्टरच्या) आधीच्या आठवड्यांत आम्ही मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे बायबलच्या नव्या करारातले येशूच्या चरित्राचे एक पुस्तक, वाचायला घेतले होते. सोळाव्या अध्यायाशी पोहोचलो, तेव्हा संस्कृत विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या एका मुलीने आपल्या प्रतीतल्या चौकटी कंसावर बोट ठेवून विचारले, "बाई, नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंत हा कंस कशासाठी घातला आहे? एवढा भाग मार्कने लिहिलेला नाही का?" मी म्हटले, "बहुधा नाही." त्यावर शेजारी बसलेल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी पुस्तक मिटले, "शास्त्रातले एक वचन उपटले की दुसरेही हलायला लागते," एवढेच म्हणाले आणि प्रार्थनेला न थांबता निघून गेले. त्यांचा राग मला क्षुल्लक वाटत नाही. ज्या पुस्तकावर माणसाने आयुष्य ठेवले, त्याची पाने कोणी मोजू लागले तर त्याला लागणारच. त्या संध्याकाळी वेळ नव्हता, म्हणून माझे म्हणणे सविस्तर येथे लिहीत आहे.

मजकुरात काय आहे ते आधी पाहू. शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, संपल्यावर मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे या तिघी सुगंधी द्रव्ये घेऊन भल्या पहाटे येशूच्या कबरेकडे जातात. तोंडावरचा दगड बाजूला लोटलेला असतो, आत शुभ्र झगा घातलेला एक तरुण बसलेला असतो, आणि येशू उठला आहे, तो तुमच्या आधी गालीलात जात आहे, हे त्याच्या शिष्यांना जाऊन सांगा, असे तो त्यांना म्हणतो. आठव्या वचनात त्या कबरेतून बाहेर पडून पळतात, त्यांना कंप सुटलेला असतो, आणि भीतीमुळे त्या कोणाला काहीही सांगत नाहीत. नवव्या वचनात मात्र एकदम वेगळा हात जाणवतो. त्या तिघी नाहीशा होतात, आणि जिचे नाव पहिल्याच वचनात येऊन गेले आहे त्या मग्दालीया मरीयेची, जणू ती आत्ताच कथेत आली असावी तशी, 'जिच्यातून सात भुते काढली होती ती' अशी नव्याने ओळख करून दिली जाते. पुढची वचने म्हणजे इतर शुभवर्तमानांतल्या दर्शनांचा धावता गोषवारा आहे, आणि मूळ ग्रीकमध्ये त्यांची शब्दकळाही मार्कची वाटत नाही.

हस्तलिखितांची साक्षही याच बाजूची आहे. नव्या कराराच्या सर्वांत मोलाच्या दोन ग्रीक प्रती, सिनाय हस्तलिखित आणि व्हॅटिकन हस्तलिखित, दोन्ही चौथ्या शतकातल्या आहेत आणि दोन्हींत मार्क आठव्या वचनाशी संपतो. व्हॅटिकन प्रतीत प्रत्येक पानावर तीन स्तंभ आहेत. मार्क दुसऱ्या स्तंभात संपतो आणि लेखनिकाने तिसरा स्तंभ पूर्ण कोरा सोडला आहे, जे त्याने नव्या करारात आणखी कुठेही केलेले नाही. आणखी एक समाप्ती अस्तित्वात आहे हे त्याला ठाऊक असावे, पण समोरच्या मूळ प्रतीत ती नव्हती म्हणून त्याने ती लिहिली नाही, असे अनेक अभ्यासक मानतात. मला तो कोरा स्तंभ प्रामाणिकपणाचा फार मोठा नमुना वाटतो. दुसऱ्या बाजूला हेही सांगितले पाहिजे की ही लांब समाप्ती काही कालपरवाची नाही. इ.स. १८० च्या सुमारास इरेनियस या ख्रिस्ती धर्माचार्याने तिच्यातले एकोणिसावे वचन मार्कचे म्हणूनच उद्धृत केले आहे. म्हणजे दुसऱ्या शतकातच कोणाला तरी आठव्या वचनावरची समाप्ती असह्य झाली होती. पाठचिकित्सेचा, म्हणजे प्रतींतल्या वेगवेगळ्या पाठांतून मूळ मजकूर शोधण्याच्या शास्त्राचा, जुना नियम असा आहे की दोन पाठांपैकी जो अवघड, तो बहुधा मूळचा, कारण लेखनिक अवघड जागा सोपी करतो, सोपी जागा मुद्दाम अवघड करीत नाही. उठलेल्या प्रभूची दर्शने हातातल्या प्रतीत असताना ती कोण गाळील?

आता त्या ज्येष्ठ गृहस्थांना मला जे विचारायचे आहे ते विचारते. आपल्या मराठी मुलखात हे काम परके आहे का? ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, सिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी प्रती जमवून पाठ शुद्ध केला. मार्कचे लेखन आणि सिनाय व व्हॅटिकन हस्तलिखिते यांच्यातले अंतरही थोडेफार तेवढेच आहे. ग्रंथ मुळात अतिशुद्धच आहे, पाठांतराने तो शुद्धाबद्ध झाला आहे, असे नाथांनी स्वतः लिहून ठेवले, आणि त्यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी (करवंटी) ठेवली असे समजावे, अशी ताकीदही दिली. नाथांच्या या कामाला कोणी अश्रद्धा म्हटलेले नाही. पुढे १९०९ साली इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक वेगळी प्रत छापली, तेव्हा वाद पुष्कळ झाला, पण ज्ञानेश्वरी कोणाच्या देवघरातून उठली नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालले आणि कितीतरी प्रसिद्ध श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. महाभारत त्यामुळे तसूभरही कमी झाले नाही.

एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. नाथांनी एक पाठ निश्चित करून दिला. आजचा संपादक मजकूर काढूनही टाकीत नाही आणि बेमालूम मिसळूही देत नाही. तो कंस घालतो आणि खाली टीप देतो. 'हे कोणी लिहिले?' हा एक प्रश्न आहे आणि 'मंडळीने हे शास्त्र म्हणून स्वीकारले का?' हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'मार्कने नव्हे' असे आले, तरी दुसऱ्याचे उत्तर आपोआप बदलत नाही. ही बारा वचने शतकानुशतके उपासनेत वाचली गेली आहेत आणि ती शास्त्रातच राहतील. कंस एवढेच सांगतो की येथे दुसरा माणूस बोलतो आहे.

मूळ ग्रंथ खरोखरच आठव्या वचनाशी संपत होता, की शेवटचे पान हरवले, यावर अभ्यासकांत अजून मतभेद आहे. बरीच वर्षे मी हरवलेल्या पानाच्या बाजूची होते, आणि त्याला घरचे कारण होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात खालची कपाटे पाण्यात गेली. बाबांचे पवित्र शास्त्र मी चार दिवसांनी बाहेर काढले. पाने एकेक करून सुटी करताना मध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालून ते पंख्याखाली वाळवले. प्रकटीकरणाची शेवटची पाने हातात लगद्यासारखी आली, आणि पुस्तकाचा शेवट हाच कसा सर्वांत आधी जातो हे मी तेव्हा पाहिले. मधली पाने मात्र वाचली. मार्कच्या सोळाव्या अध्यायात आठव्या वचनाखाली पेन्सिलीची एक रेघ होती आणि समासात बाबांच्या अक्षरात 'उत्पत्ती १८:१५ पाहा' असे लिहिलेले होते. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते. तरुणपणी दोन वर्षे ते ईश्वरविज्ञान शिकायला गेले होते आणि तेथे शिकलेले ग्रीक त्यांनी जपून ठेवले होते.

त्या टिपेचा अर्थ मला उशिरा लागला. आठव्या वचनाचे शेवटचे ग्रीक शब्द 'एफोबून्तो गार' असे आहेत. 'गार' म्हणजे 'कारण', पण हा शब्द वाक्याच्या आरंभी येत नाही, तो मागून येतो. अशा शब्दावर पुस्तक संपूच शकत नाही, म्हणून पुढचे पान हरवले असले पाहिजे, हा हरवलेल्या पानाच्या बाजूचा एक मुख्य आधार होता. पण प्लोटिनस या ग्रीक तत्त्वज्ञाचा एक प्रबंध 'गार' वरच संपतो, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, बरोबर उत्पत्तीच्या त्या वचनात, त्याहून जवळचा दाखला आहे. म्हातारपणी तुला मुलगा होईल हे ऐकून अब्राहामाची बायको सारा तंबूच्या आड हसते, आणि का हसलीस असे विचारल्यावर 'मी हसले नाही' म्हणते. तेथे ग्रीक वाक्य 'एफोबेथे गार' असे संपते: ती भ्याली होती म्हणून. तिथे अशक्य वाटणारा जन्म, इथे अशक्य वाटणारे पुन्हा उठणे. दोन्ही ठिकाणी ऐकणारी स्त्री, दोन्ही ठिकाणी भीती, आणि दोन्ही ठिकाणी वाक्याला शेवट देणारा तोच शब्द. मार्कच्या मनात सारा होती असे मी ठामपणे म्हणणार नाही, पण आता मी हरवलेले पान शोधत नाही.

मग ही भीती कसली? मार्कमध्ये वादळ शांत झाल्यावर शिष्य घाबरतात, वादळात घाबरले त्याहून जास्त. रक्तस्रावाने पीडलेली बाई बरी झाल्यावर थरथर कापते. संकट टळल्यावर येणारी ही भीती आहे. रूडोल्फ ओटो या जर्मन धर्माभ्यासकाने १९१७ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात पवित्राच्या अनुभवात थरकाप आणि ओढ एकाच वेळी असतात असे मांडले आणि त्यासाठी गीतेच्या अकराव्या अध्यायाचाही आधार घेतला. अर्जुन म्हणतो, 'अदृष्टपूर्वं हृषितोऽस्मि दृष्ट्वा भयेन च प्रव्यथितं मनो मे.' हर्ष आणि भय एका श्वासात. आठव्या वचनात मार्कने त्या स्त्रियांसाठी वापरलेले शब्दही जोडीने येतात: 'त्रोमोस', म्हणजे कंप, आणि 'एक्स्तासिस', म्हणजे माणूस स्वतःच्या बाहेर जाऊन उभा राहतो ती अवस्था. पण साम्य येथे थांबते, आणि मला तर हा फरकच अधिक विचार करायला लावतो. अर्जुनाला विश्वरूप दिसते. या तिघींना तसे काहीच दिसत नाही. त्यांच्यासमोर एक रिकामी जागा आहे, एक निरोप आहे आणि गालीलाची वाट आहे. मार्कच्या मूळ मजकुरात उठलेला प्रभू एकदाही डोळ्यांना दिसत नाही, आणि नंतरच्या लेखकाने नेमकी तीच उणीव भरून काढली.

ती मुलगी पुढच्या बुधवारी आठव्या वचनाचा स्वतः केलेला मराठी अनुवाद घेऊन आली. प्रचलित भाषांतरात 'कारण' आधी येते आणि वाक्य 'होती' सारख्या निवांत क्रियापदावर टेकते, हे तिच्या लक्षात आले होते. मराठीतही मागून येणारा शब्द आहेच की, असे म्हणून तिने दोन पर्याय लिहिले होते: 'त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, भीत होत्या ना' आणि 'त्या कोणाला काही बोलल्या नाहीत, भ्याल्या होत्या म्हणून'. 'ना' मध्ये ऐकणाऱ्याची संमती मागण्याचा सूर येतो आणि मार्क कोणाची संमती मागत नाही, त्यामुळे आम्ही दुसरा ठेवला. तिने 'म्हणून' नंतर पूर्णविराम दिलेला नव्हता, वाक्य तुटलेले दिसावे म्हणून तीन टिंबे दिली होती. मी ती खोडायला सांगून पूर्णविराम द्यायला सांगितला, कारण सारेच्या वाक्यानंतरही तो आहे.