लाल डागाचा माग: रॅक उघडला, बांधला, पुन्हा उघडला

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की पॉवर स्टीअरिंगचं तेल कमी होतंय, प्रेशर होज (पंपाचं दाबाखालचं तेल पुढे नेणारी नळी) बदलून बघतो. बदलला. तेल कमी होतच राहिलं, आणि खिशातलेही गेले. तर आता सगळं सुरुवातीपासून.

गाडी २००३ची, पेट्रोल, हायड्रॉलिक स्टीअरिंगची. कंपनी-मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांचा रॅक, म्हणजे स्टीअरिंग फिरवल्यावर चाकं वळवणारा दातेरी दांडा आणि त्याचं नळकांडं, आतून असाच असतो. आजकालच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर आली, तेलच नाही, त्यामुळे त्यांच्या मालकांनी हे करमणूक म्हणून वाचावं.

७ जुलै

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर लाल डाग पडतात म्हणून सेक्रेटरी काका आधीच तापलेले. त्यांचंही बरोबर आहे. डाग लाल म्हणजे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, माझ्या स्टीअरिंगमध्येही तेच), इंजिन ऑइल नव्हे. एवढं तरी रंगानं सांगून टाकलं.

होज बदलताना मी एक चूक केली होती: टपका जिथून पडतो तिथेच गळती, असं धरून चाललो. या वेळी रॅक, पाइप आणि क्रॉसमेंबर (रॅकखालची आडवी लोखंडी तुळई) रॉकेलनं ब्रशनं धुतले, फडक्यानं कोरडे केले आणि वर टाल्कम पावडर शिंपडली. खाली वर्तमानपत्र. इंजिन चालू करून लेकीला सीटवर बसवलं, सावकाश डावीकडे, सावकाश उजवीकडे. टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरायचं नाही, हे तिला दोनदा सांगितलं. टोकावर पंपाचं प्रेशर ७०-८० बारच्या घरात जातं, आणि तिथे धरून ठेवलं की पंप स्वतःच्याच तेलात भाजून निघतो.

दहा मिनिटांत पावडरीवर ओला ओघळ उमटला. टपका पडत होता उजवीकडे, होजच्या बँजो बोल्टखाली (नळी जोडणारा पोकळ बोल्ट). ओघळ मात्र येत होता डावीकडून, क्रॉसमेंबरच्या पन्हाळीतून. आमचं पार्किंग उजवीकडच्या गटाराकडे उतरतं ना! महिनाभर मी उताराच्या शेवटी उभा राहून नळ शोधत होतो.

रॅकच्या दोन्ही टोकांना घड्यांचं रबरी आवरण असतं, त्याला बूट म्हणतात. डाव्या बुटाची क्लिप काढली तर खालच्या घडीत बोटभर चीर, आत चिखल, पाणी आणि तेल यांचा काला. उजवा बूट धड, पण आतून थोडा ओशट. म्हटलं, दोन्हीकडची सीलं, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या रबरी रिंगा, गेली! द्वारकेजवळच्या गॅरेजमधल्या चाचांना फोटो दाखवला तर ते हसले. "साहेब, दोन बुटांच्या मधी हवेची बारीक नळी असते. एक बूट दाबला की हवा दुसऱ्यात जाते, तिच्यासंगती तेल बी जातं. उजव्याला हात लावायची घाई करू नका."

१४ जुलै

रॅक खाली उतरवला. स्टीअरिंग सीटबेल्टनं बांधून टाकलं होतं, नाहीतर खाली कपलिंग (स्टीअरिंगचा दांडा रॅकला जोडणारा सांधा) सुटल्यावर ते मोकळं फिरतं आणि मधली जागा हरवते. ज्यांच्याकडे एअरबॅग आहे त्यांची तर क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगला जोडणारी गुंडाळलेली तार, तुटते. कपलिंगवर पांढऱ्या रंगाची खूण केली. टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारे सांधे) किती आट्यांवर होते ते मोजून भिंतीवर लिहिलं. पिनियनखालच्या (रॅकचे दात फिरवणारं छोटं चाक) अॅडजस्टरवर पंचनं खूण केली.

डावं टोक उघडल्यावर दुखणं दिसलं. फाटक्या बुटातून पाणी आत गेलं, रॅकच्या गुळगुळीत दांड्यावर गंजाचे खड्डे पडले, आणि त्या खड्ड्यांनी सीलचा ओठ किसून काढला. सील हा परिणाम, चीर हे कारण. नुसतं सील बदललं असतं तर पुढचा पावसाळाही याच डागांनी गेला असता. दुकानदार गळती थांबवणारी बाटली पुढे करतो, तिच्याबद्दलही माझं हेच मत आहे: ती रबर फुगवते, खड्डे बुजवत नाही.

दांडा तेलात भिजवून १००० आणि मग २०००च्या पॉलिश पेपरनं घासला. घासायचं गोल गोल, लांबीच्या दिशेनं नाही. लांबीच्या रेघोट्या म्हणजे तेलाला बाहेर यायला आयते पाट. कसोटी नखाची. नख अडकलं की दांडा हार्ड क्रोमला (क्रोमचा कडक मुलामा चढवायला) द्यायचा किंवा रॅकच बदलायचा. माझ्याकडे तीन खड्डे नखाला लागत होते, घासल्यावर एक उरला. तोही अगदी बाहेरच्या टोकाला, जिथे सील फक्त स्टीअरिंग पूर्ण वळल्यावर पोचतं. तेवढी जोखीम घेतली.

सील बसवायला सातपूरच्या एका लेथवाल्यानं भंगारातल्या नायलॉनचा बुश (सील सरळ ठोकायची नळी) कातून दिला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला. स्प्रिंगची बाजू प्रेशरच्या तेलाकडे, हे विसरू नका. दांड्यावर तेलाचा दाब घेणाऱ्या पिस्टनवरची टेफ्लॉन रिंग कढत पाण्यात टाकून मऊ करून चढवली आणि तिच्यावर काही वेळ पट्टी आवळून ठेवली, म्हणजे ती परत मूळ मापाला येते.

संध्याकाळी तेल भरलं, इंजिन चालू केलं, आणि उजवीकडून धार! आता खरोखर उजवीकडून.

२१ जुलै

आठवडाभर घरात कोणी माझ्याशी गाडीबद्दल बोललं नाही.

पुन्हा उतरवला. पिनियनकडचं सील दांड्यावर सरकवताना ते दातांवरून जातं, आणि रॅकचे दात म्हणजे करवतच. मी दातांवर सेलोटेप गुंडाळली होती. टेपची कड मुडपली, ओठ तिथे चिरला. चाचांनी एकच विचारलं, "खाली असताना हवा मारून बघितलं होतं का?" नव्हतं बघितलं.

दुसरा सील सेट, आणखी ९५० रुपये. या वेळी जुन्या एक्स-रेच्या फिल्मची नळी करून दातांवर चढवली, वर एटीएफ चोपडलं, सील पाण्यातल्या माशासारखं सरकलं. (फिल्म माझ्याच गुडघ्याची. शेवटी उपयोगी पडली.) मग टेबलावरच दोन्ही पाइपांच्या तोंडातून आळीपाळीनं हलक्या दाबाची हवा मारली, टोकांना साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा नाही. आता गाडीखाली शिरायला हरकत नाही.

बसवताना बँजोचे तांब्याचे वॉशर नवे घेतले, जुने एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. बूट दोन्ही नवे. डावा एकटा बदलून उजव्याला वीस वर्षांचा ठेवणं ही कसली काटकसर?

हवा काढायला पुढची चाकं घोडीवर उचलून इंजिन बंद ठेवून टोकापासून टोकापर्यंत वीस वेळा फिरवलं, मध्येमध्ये पातळी भरली. मग इंजिन चालू. लेक तेलाच्या डब्यात डोकावून ओरडली, "बाबा, गुलाबी फेस आलाय!" फेस म्हणजे हवा अजून आत आहे. अर्धा तास चहा घेतला, परत फिरवलं, फेस बसला. तेलाचं म्हणाल तर डब्याच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला. काही गाड्यांना एटीएफ चालत नाही.

२८ जुलै

अलाइनमेंट करून घेतली. भिंतीवरचे आटे मोजून बसवले होते तरी टो (पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल) थोडा बाहेर होताच. मग कसारा घाट उतरून-चढून आलो, पावसात. तेलाची पातळी जिथे होती तिथेच.

सात सकाळी गाडीखालचा पेपर कोरडा. आज डाव्या बुटाची क्लिप सैल करून आत बोट घातलं: कोरडं, पण पूर्ण उजवीकडे आणि पूर्ण डावीकडे वळवल्यावर त्या उरलेल्या खड्ड्याजवळ बोटाला किंचित ओल लागते. थेंब नाही, ओल. दर पंधरा दिवसांनी बघणार आहे. सेक्रेटरी काकांना अजून सांगितलेलं नाही.