कालनिर्णयच्या चौकोनातला 'पाय'

परवा मांडणीतले कागद बदलायला घेतले. आमच्याकडे जुनी कालनिर्णयं रद्दीत जात नाहीत, डब्यांखाली जातात. 2024चं हातात आलं आणि सप्टेंबरपासूनची पानं चाळत मी फरशीवरच बसले. दूध जास्तीचं, गॅस लावला, सासूबाईंचं इंजेक्शन, आणि मधूनमधून माझ्याच अक्षरात एक शब्द : 'पाय'. ऑक्टोबरात तो अकरा वेळा आहे. नोव्हेंबरपासून त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह आलंय. 'पाय?'

ते प्रश्नचिन्ह दोन महिने स्वयंपाकघराच्या भिंतीवर होतं. पाणी प्यायला आलेल्या कुणालाही दिसेल असं. लेकीलाही दिसत होतंच.

(तिचं नाव लिहायचं नाही, अशी तिची अट आहे. हे सगळं तिने वाचलंय आणि दोन वाक्यं काढायला लावलीत. एक वाक्य चांगलं होतं, असो.)

ती तेव्हा नववीत होती. खो-खो खेळायची. गणपतीला आठ दिवस असताना सरावात खांबावर सूर मारला आणि उजवा घोटा मुरगळला. एक्स-रेत हाड शाबूत. अस्थिबंध ताणलाय, तीन आठवडे क्रेप बँडेज बांधा, मग हळूहळू चालवा, असं सांगितलं. विसर्जनाला, 17 सप्टेंबरला, आमच्या लालबागमध्ये सगळी दुनिया रस्त्यावर आणि ही गॅलरीत खुर्चीवर, पाय उशीवर. तोवर सगळं ठीक होतं. मैत्रिणी येऊन बँडेजवर पेनाने नावं लिहून गेल्या.

सूज उतरली, दुखणं उतरेना. दिवाळीनंतर भिशीचे पैसे उचलून एमआरआय केला. हाडांच्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीसमोर धरली आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे. आता मनातून काढून टाक." आम्ही पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

मी पतपेढीत काम करते. बावीस वर्षं संध्याकाळी कॅश बंद करताना ताळा जमवतेय. एका बाजूला रिपोर्ट म्हणतोय शून्य, दुसऱ्या बाजूला ही म्हणतेय दहापैकी सात. ताळा जुळत नाही म्हणजे कुणीतरी खोटी नोंद केलीय, एवढंच मला शिकवलेलं. मी चोर शोधायला लागले. फोनवर हसताना तिला दुखत नाही, भांडी घासायला सांगितलं की दुखतं, असले पुरावे मी गोळा करत होते. जिने उतरताना मागून बघायचे, लंगडते त्या पायाने आज जास्त की काल. 'नाटकं' हा शब्द मी उच्चारला नाही, ह्यांनी उच्चारला. पण प्रश्नचिन्ह माझं.

आता मागे बघताना जे स्पष्ट दिसतं ते तेव्हा समोर असून दिसत नव्हतं. ती रात्री दोन-दोनपर्यंत जागी असायची. दोन वेण्या स्वतः घालणारी मुलगी आठवडाभर तोच रबरबँड ठेवायची. टीमच्या ग्रुपमधून बाहेर पडली. ते मला कळलं ते दुसऱ्या मुलीच्या आईकडून.

19 जानेवारी 2025, रविवार. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाची फायनल. कर्णधार आपली महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. भारत 78, नेपाळ 40. शेजारच्या खोलीतून पोरं ओरडत होती. मी आतल्या खोलीत तिला स्कोअर सांगायला गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आई, दार लाव," एवढंच. रात्री दिवा घालवल्यावर अंधारात म्हणाली, "रोज उठायचं कशाला, मला कळत नाही."

मी रात्रभर तिच्या शेजारी जागी होते. सकाळी ह्यांना तिच्यापाशी थांबवलं आणि पतपेढीच्या जिन्यात उभी राहून 14416 लावला. टेलि-मानस, केंद्र सरकारची हेल्पलाइन, ऑक्टोबर 2022 पासून आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागते, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी पायाबद्दल आधी विचारलंच नाही. ती आत्ता एकटी आहे का, मरण्याबद्दल कधी बोललीय का, झोपते किती, जेवते का. मग म्हणाल्या, तिला सरळ विचारा, विचारल्याने डोक्यात नवीन काही भरत नाही. आणि डॉक्टरांना दाखवायला थांबू नका.

परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आणि फिजिओथेरपी एकाच आवारात आहे. नंबर लावायला सकाळी सातला जावं लागतं, पण एका चकरेत दोन्ही होतं. फिजिओथेरपिस्ट माझ्या भाचीच्या वयाची. तिने लेकीचा मोजा स्वतः काढला, घोट्याभोवती बोट फिरवत प्रत्येक ठिकाणी आकडा विचारला, लिहून घेतला. मग म्हणाली, "दुखतंय, हे मला मान्य आहे." लेक तिथेच रडायला लागली. पाच महिन्यांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं.

त्या मुलीने सांगितलं ते मी घरी येऊन पुन्हा वाचून काढलं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, तिने 1979 मध्ये केलेली वेदनेची व्याख्या 2020 मध्ये सुधारली. दोन्हींत वेदना म्हणजे संवेदना आणि भावना असा जोडीचा अनुभव आहे. नव्या टिपणांत आणखी एक गोष्ट आहे : माणूस दुखतंय म्हणतो त्याचा मान राखायचा. इजा भरून आली तरी मज्जासंस्था हळवी राहू शकते, मज्जारज्जू आणि मेंदू साध्या निरोपालाही दुखणं ठरवतात. झोप तुटली, भीती बसली, मन खचलं की हा हळवेपणा वाढतो. आणि दुखण्याने झोप तुटते, भीती बसते, मन खचतं. घाणा दोन्ही बाजूंनी फिरतो. कुठून सुरू झाला हे शोधत बसण्यात माझे दोन महिने गेले.

सासूबाई हे सगळं लसूण सोलत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे भोंग्यासारखं." माझे सासरे गिरणीत होते. 18 जानेवारी 1982ला संप झाला, त्यांची गिरणी पुन्हा नीट चालू झालीच नाही, भोंगा बंद. पण पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला ते पुढची कित्येक वर्षं दचकून उठायचे, पायात चपला घालायचे आणि मग बसून राहायचे. "गिरणी न्हवती," सासूबाई म्हणाल्या, "पण ते खोटं उठत न्हवते." फिजिओला पुढच्या वेळी हे सांगितलं तर तिने वहीत लिहून घेतलं.

मला स्वतःला पटवून गेला तो 2003चा एक अमेरिकन प्रयोग. माणसाला मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कॉम्प्युटरवर चेंडू झेलायचा खेळ खेळायला देतात. तीन खेळाडू. थोड्या वेळाने बाकीचे दोघं आपसांतच चेंडू टाकतात, याच्याकडे टाकतच नाहीत. शारीरिक वेदनेतल्या त्रासाशी जोडलेला मेंदूचा एक भाग तेव्हा जागा होतो. तेराच माणसं होती प्रयोगात, आणि त्याचा अर्थ काय लावायचा यावर पुढे बराच वाद झाला, हेही वाचलं. तरी मला लेक पाटीवर बसलेली दिसली, खो मिळायची वाट बघत. पंधराव्या वर्षी मैत्रिणी म्हणजेच जग असतं. तिचा घोटा गेला तेव्हा तिची संध्याकाळ गेली, ग्रुप गेला, मैदानावरून येतानाची पाणीपुरी गेली. आम्ही फक्त घोटा मोजत होतो.

उपाय अगदी कंटाळवाणे निघाले. दर गुरुवारी समुपदेशन. ह्यांनी आधी 'वेड्यांच्या डॉक्टरकडे' वगैरे केलं, मग तेच सुट्टी टाकून घेऊन जायला लागले. झोपेची वेळ ठरलेली. आणि जिने. करी रोड स्टेशनला लष्कराने बांधलेला पूल आहे, एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतरचा. त्याच्या ठरलेल्या पायऱ्या रोज चढायच्या. बरं वाटतंय म्हणून जास्त नाही, दुखतंय म्हणून कमी नाही. आठवड्याने थोड्या वाढवायच्या. आधी ती चांगल्या दिवशी सगळं करून टाकायची आणि पुढचे तीन दिवस पडून राहायची. माझ्यासाठीही नियम होता : तासातासाला 'दुखतंय का' विचारायचं नाही. हा सगळ्यात अवघड. मी 'अंगावर काढलं' हे अभिमानाने सांगणाऱ्या बायकांत वाढले. मला एकतर दुर्लक्ष करता येतं नाहीतर पाळत ठेवता येते.

तपासण्या करू नका असं यातून कुणी समजू नये. ताप, उतरणारं वजन, झोपेतून उठवणारं दुखणं, सांध्याची सूज असेल तर आधी त्यामागे लागायचं. आमच्याही तपासण्या आधी झाल्याच होत्या. चूक झाली ती तपासण्या संपल्यावर.

जूनमध्ये ती मैदानावर गेली. मी तारेच्या कुंपणाबाहेर, भाजीची पिशवी घेऊन, तिला दिसणार नाही अशी. खो मिळाल्यावर ती अर्धा क्षण उशिरा उठली. समोरची सुटली. कुणीतरी तिच्या नावाने कचकचून ओरडलं, आणि तीही उलट ओरडली.

घोटा पूर्ण गेलेला नाही. पावसात दोन-तीन होतो म्हणते. आता दहावी आहे. गेल्या आठवड्यात म्हणाली, मान दुखते. माझ्या तोंडावर आलेलं मी गिळलं आणि विचारलं, "किती?"

"चार. पण हे मनाचं वगैरे नाहीये हां आई, क्लासची बाकं भंगार आहेत."

शनिवारी फी भरायला गेले तेव्हा शेवटच्या बाकावर बसून बघितलं. टेकायला पाठ नाही, आणि फळा बघायला मान वाकडी करावी लागते. भंगारच आहेत.