आमची वाटचाल : दिवाळीची नानकटाई दसऱ्यालाच तयार

माझ्या लहानपणी सांगलीत दिवाळीची नानकटाई बेकरीच्या भट्टीवरून भाजून आणायची पद्धत होती. आई मैदा, तूप, पिठीसाखर डब्यांत भरून निघायची आणि मी पत्र्याचा रिकामा डबा धरून तिच्या मागे. नंबर लागायला रात्र व्हायची. आमचा ट्रे ओळखू यावा म्हणून आई कोपऱ्यातल्या नानकटाईवर बोटाने खूण करायची. गरम डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना जो वास यायचा, तोच माझ्यासाठी दिवाळीचा पहिला वास. त्या वासापायीच २०१४ साली मी घरच्या ओटीजीवर, म्हणजे विजेच्या छोट्या भट्टीवर, ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. वर्षाला १०० रुपये भरून अन्न सुरक्षेची नोंदणी केली. पहिल्या दिवाळीत अकरा किलो गेली.

२०१७ साली एका ऑफिसची ४० किलोंची ऑर्डर आली. लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन ऑक्टोबर हीटमध्ये. सगळं ताजं करायचं, या हट्टाने मी शेवटचे चार दिवसच हाताशी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तीन तास वीज गेली. मळलेलं पीठ ओट्यावर तसंच राहिलं, त्यातलं तूप सुटलं. वीज आल्यावर घाईने ट्रे आत सरकवले, तर गोळे पसरून एकमेकांना चिकटले, पोळीसारखे सपाट झाले. नऊ किलो माल कमी पडला. तेवढे पैसे परत केले आणि त्या रात्री मी खूप रडले.

त्यानंतर कामाची मांडणीच बदलली. जुना डीप फ्रीझर घेतला. आता गणपती उठले की डबे धुऊन उन्हात घालतो, खोकी मागवतो. पितृपक्षात वेलदोडे सोलायचे. नवरात्रात कोरडं मिश्रण : ७०० ग्रॅम मैदा, २०० बेसन, १०० रवा, वर सोडा, मीठ, जायफळ. हे तीनदा चाळून किलोकिलोच्या पिशव्या भरतो. पिठीसाखर मात्र त्यात घालत नाही. दमट हवेत तिचे खडे होतात, ती आयत्या वेळीच दळायची.

दसरा झाला की गोळे. किलोच्या पिशवीला ६०० ग्रॅम तूप, ६०० पिठीसाखर. तूप थिजलेलं हवं. बोट दाबलं की खळगा पडावा, पण बोटाला ओघळ येऊ नये. ते साखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं. इथे कंटाळा केला तर नानकटाई खुसखुशीत होत नाही, मग पुढे काहीही करा. बावीस ग्रॅमचा एक गोळा, किलोच्या पिशवीत साधारण शंभर होतात. चारोळी तेव्हाच दाबून बसवायची. गोठलेल्या गोळ्यावर ती बसत नाही, भाजताना निघून येते. गोळे आधी ट्रेवर सुटे ठेवून फ्रीझरमध्ये कडक होऊ द्यायचे आणि मगच पिशवीत भरायचे, नाहीतर सगळ्यांचा एकच गठ्ठा होतो.

भाजणी शेवटच्या आठवड्यात. फ्रीझरमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवायचे, मग १६० अंशांवर पंचवीस मिनिटांच्या आसपास. ताज्या पिठापेक्षा तीन-चार मिनिटं जास्त लागतात. काढल्यावर नानकटाई मऊच लागते. ती ट्रेवरच गार होऊ द्यावी, लगेच उचलली तर मोडते. परदेशी जाणारी खोकी मात्र दसऱ्यानंतर लगेच भाजून रवाना करतो.

गिऱ्हाईक विचारतात, "ताई, म्हणजे ही शिळी ना?" मी त्यांना फ्रीझर उघडून गोळे दाखवते आणि समोरच एक ट्रे भाजून हातात देते. शिळं असतं तर मी माझ्या आईला दिलं नसतं.

आज आम्ही चौघीजणी आहोत. दोघी गोळे वळतात, एक तोलते, मी भट्टी सांभाळते. गेल्या दिवाळीत वसुबारसेला दुपारी दोन वाजता शेवटचा ट्रे निघाला. त्या दिवशी चौघीही उजेडी घरी गेल्या. मी आईकडे गेले आणि तिच्याबरोबर करंज्या लाटायला बसले. डबा उघडून तिने आधी कोपऱ्यातली नानकटाई उचलली. तिच्यावर मी बोटाने खूण करून ठेवली होती.