खुनी कोण ते न सांगता

रहस्यकथेच्या मलपृष्ठावर दुसऱ्या रहस्यकथाकाराने केलेली स्तुती मी वाचतो, पण फारशी मनावर घेत नाही. 'एका बैठकीत संपवली', 'रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही', 'शेवटच्या पानापर्यंत पत्ता लागला नाही'. इतक्या रात्री जागून काढल्यावर ही मंडळी स्वतःची पुस्तकं लिहितात तरी कधी? अर्थात त्यांची अडचण खरी आहे. पुस्तकात जे आवडलं, नेमकं तेच झाकून ठेवायचं असतं. सामाजिक कादंबरीची शिफारस करताना नायिका शेवटी मरते हे सांगून टाकलं तरी कुणाचं बिघडत नाही. इथे मात्र 'शेवटचा धक्का जबरदस्त' एवढं म्हटलं तरी घात होतो. वाचक पहिल्या पानापासून सगळ्यात गरीब दिसणाऱ्या माणसावर डोळा ठेवून बसतो.

मला भरवसा वाटतो तो कथेच्या पोटात दडवलेल्या शिफारशींचा. तिथे लेखक पात्राच्या आडून बोलतो. भिडेखातर कौतुक करावं लागत नाही आणि नावं ठेवायला कुणाची बंदी नसते. यातली माझी सगळ्यात लाडकी यादी अगाथा ख्रिस्तीच्या 'द क्लॉक्स'मध्ये आहे. कादंबरी १९६३ची. तिचा नेहमीचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो आता निवृत्त झालाय, घरात बसून कंटाळलाय आणि वेळ घालवायला रहस्यकथा वाचतोय. तरुण मित्र भेटायला येतो, तर पॉयरो पुस्तकांचा ढीग समोर घेऊन एकेकाची हजेरी घेऊ लागतो. कादंबरीचं कथानक मला तेवढं आवडत नाही (खोलीभर घड्याळं मांडून ठेवायची आणि मग त्यांचं फारसं काही करायचं नाही, हे काही बरं नव्हे), पण या प्रकरणासाठी मी ती पुन्हा उघडतो.

अॅना कॅथरीन ग्रीन या अमेरिकन बाईंची 'द लेव्हनवर्थ केस' पॉयरोला पसंत आहे. ती १८७८ची, म्हणजे शेरलॉक होम्स जन्माला येण्याच्या नऊ वर्षं आधीची. आर्सेन ल्यूपाँ या सभ्य चोराच्या कथा अगदीच अचाट, पण त्यांत जीव आहे, असं त्याचं मत. गास्ताँ लरू या फ्रेंच लेखकाची 'द मिस्टरी ऑफ द यलो रूम' मात्र त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मंजूर. आतून बंद खोली, आत हल्ला झालेली बाई, आणि हल्लेखोर गायब. लेखकाने वाचकाला फसवलं असा आक्षेप घेणाऱ्यांना पॉयरो उडवून लावतो. त्याच्या मते सत्य तिथे सगळीकडे पसरलेलं आहे, फक्त शब्दांच्या आड ठेवलंय. ख्रिस्तीने आयुष्यभर जे केलं त्याचं याहून नेमकं वर्णन कुठे सापडेल? मग तो होम्सच्या कथा हातात घेतो आणि अदबीने गुरूला हाक मारावी तसं बोलतो. पण तो मान होम्सला नाही, त्याच्या लेखकाला, कॉनन डॉयलला. कथा ओढूनताणून रचलेल्या, तर्कात खोट असलेल्या, हे तो आधीच सांगून टाकतो. लिहिण्याची कला मात्र अस्सल, आणि वॉटसन ही तर डॉयलची खरी कमाई.

ही मतं नुसती पॉयरोची नाहीत. ख्रिस्तीचं आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर, १९७७ साली आलं. त्यात कळतं की लहानपणी तिला 'लेव्हनवर्थ केस'ची गोष्ट सांगितली ती थोरल्या बहिणीने, मॅजने. 'यलो रूम' नव्याने आली होती तेव्हा या दोघी बहिणी त्यावर चर्चा करत होत्या. अगाथा म्हणाली, मलाही एक रहस्यकथा लिहून बघायचीय. मॅज म्हणाली, तुला नाही जमायचं. पुढे १९२० साली पॉयरोची पहिली कादंबरी छापून आली. थोरल्या बहिणीचं 'नाही जमायचं' किती उपयोगी असतं, हे ज्यांना थोरली बहीण आहे त्यांना मी सांगायला नको. म्हणजे त्रेसष्ट साली पॉयरो जी पुस्तकं वाखाणतो, ती या दोघी बहिणींच्या घरातलीच.

शिवाय ख्रिस्तीबाई स्वतःलाही सोडत नाहीत. एरिअॅडनी ऑलिव्हर हे त्यांचं रहस्यकथा लिहिणारं पात्र, म्हणजे त्या स्वतःच, हे वाचकांना ठाऊक असतं. पॉयरो तिला झोडपतो. योगायोग फार, आणि गुप्तहेर फिनलंडचा, आणि तिला फिनलंडबद्दल माहिती जवळजवळ शून्य! बेल्जियन गुप्तहेराच्या जिवावर आयुष्य काढलेल्या इंग्लिश बाईंनी हे लिहावं, यातली गंमत काही औरच.

'यलो रूम'ला आणखी एक मोठा साक्षीदार आहे. जॉन डिक्सन कारच्या 'द हॉलो मॅन' (१९३५) या कादंबरीत सतराव्या प्रकरणात कथानक बाजूला ठेवून कारचे गुप्तहेर डॉ. फेल चक्क बंद खोलीतल्या खुनांवर व्याख्यान देतात. आपण एका रहस्यकथेतच आहोत, तर नसल्याचं सोंग कशाला, असं म्हणून. त्या व्याख्यानात लरूच्या या पुस्तकाला ते आजवरची सर्वोत्तम रहस्यकथा ठरवतात. दोन असामी एकाच पुस्तकाचं नाव घेतात म्हटल्यावर मी ते वाचलं. मध्यावर ते रेंगाळतं आणि अठरा वर्षांचा पत्रकार रूलताबीय अधूनमधून डोक्यात जातो. खोलीचा उलगडा मात्र असा आहे की मी मुकाट्याने मागची पानं काढून तपासत बसलो.

याच्या अगदी उलट वृत्तीचा शिफारसकर्ता म्हणजे अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर. त्याने १९४४ साली 'द अटलांटिक मंथली' या मासिकात एक लेख लिहिला, आणि त्यात एकट्या डॅशिएल हॅमेट या आपल्याच देशातल्या रहस्यकथाकाराला डोक्यावर घेण्यासाठी बाकीच्या सगळ्यांना खाली पाडलं. हॅमेटने खून पुन्हा खऱ्या, कारण असलेल्या माणसांच्या हाती दिला, नुसतं प्रेत पुरवण्यापुरता ठेवला नाही, हा त्याचा मुद्दा. आपला पॉयरोही त्या लेखात सुटत नाही. शाळकरी फ्रेंचचं शब्दशः भाषांतर बोलणारा बेल्जियन, अशी त्याची संभावना होते. सगळ्यात मोठा मार बसतो तो ए. ए. मिल्नला. होय, 'विनी द पू' या बालकथांवाल्या मिल्नलाच. त्याने 'द रेड हाउस मिस्टरी' नावाची एक रहस्यकथाही लिहिली होती. चँडलर आधी पुस्तक मजेदार आहे म्हणतो आणि मग इथे पोलीस असे वागतील का, तिथे मृताची ओळख अशी पटवतील का, करत तिचा एकेक टाका उसवतो.

पुढे चँडलरच्या 'द बिग स्लीप'वर चित्रपट निघाला. कादंबरीत एका ड्रायव्हरचं प्रेत मोटारीसकट समुद्रात सापडतं. त्याला मारलं कुणी, हे चित्रपटवाल्यांना काही केल्या कळेना. त्यांनी थेट लेखकाला तार केली. चँडलरनेच नंतर एका पत्रात लिहून ठेवलंय की ते त्यालाही माहीत नव्हतं. हॅमेट मात्र मी याच माणसाच्या शब्दावर वाचला, आणि त्याबाबत माझी काडीचीही तक्रार नाही.