बंद केल्यावरही मिणमिणणारे दिवे आणि वळवात कोरी होणारी मॉड्यूलं : सांगलीच्या घरातली नोंद

वायफायवरून दिवे चालू-बंद करायला स्विचबोर्डांत बसवलेली छोटी मॉड्यूलं तळमजल्यावर सरळ चालतात. वरच्या मजल्यावर तीच मॉड्यूलं, त्यांच्यातलं तेच टॅस्मोटा सॉफ्टवेअर आणि त्याच खोक्यातले ९ वॉटचे दिवे रोज काहीतरी खोड काढतात. हा फरक नीट लक्षात आल्यावर मी मॉड्यूल उघडायचं थांबवलं आणि वायरिंग उघडायला घेतलं. ही नोंद त्या कामाची आहे. जुन्या घरात ऑटोमेशन बसवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला यातलं काही ना काही येणारच, म्हणून मापांसकट लिहितोय.

आधी घराची माहिती, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. घर गावभागातलं. २०१९ च्या पुरात तळमजला पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर खालचं वायरिंग पूर्ण नवं केलं. मेन बोर्ड जिन्याच्या वळणावर उचलून घेतला, प्रत्येक स्विचबोर्डात फेजसोबत न्यूट्रल आणि अर्थ आणलं, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच, बसवली. वरचा मजला कोरडा राहिला, त्यामुळे तिथलं वायरिंग जुनंच, लाकडी केसिंग-कॅपिंग पट्टीतलं. वरच्या बोर्डांत न्यूट्रल शोधत होतो तेव्हा आमचे वायरमन म्हणाले, "बोर्डात न्यूट्रल कशाला असतंय? ते वरच्या वर होल्डरला गेलंय. त्या वेळी स्विचला एक वायर येणार, एक जाणार, एवढंच काम." पूर्वीच्या घरांत सर्रास असंच आहे. दिव्याला त्यानं काही फरक पडत नाही, पण मॉड्यूलला स्वतःला जागं राहायला न्यूट्रल लागतं.

पहिली तक्रार जिन्यातल्या दिव्याची. स्विच बंद, तरी एलईडी मंद पेटलेला. रात्री अंधारात स्पष्ट दिसायचा. तसाच मंद उजेड देवघरातल्या दिव्यालाही होता. लक्षण एकच असल्यामुळे कारणही एकच असेल असं कुणालाही वाटेल, पण मोजल्यावर दोन्हीकडे वेगवेगळं निघालं.

जिन्यात दिवा काढून होल्डरच्या दोन टोकांत मल्टिमीटर लावला, तर स्विच बंद असताना ८० व्होल्टच्या आसपास दाखवत होता. टेस्टरही पेटला. इथे टेस्टरवर आणि डिजिटल मीटरवर लगेच विश्वास ठेवू नये. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा आतला रोध साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे शेजारच्या वायरीतून नुसता झिरपलेला व्होल्टेजही तो खऱ्यासारखा दाखवतो. खरी परीक्षा टेस्ट लॅम्पची. ४० वॉटचा जुना तारेचा दिवा त्याच होल्डरला लावला आणि मीटर त्याच्याशी समांतर ठेवला, तर आकडा थेट शून्यावर आला. म्हणजे मागे ताकद नव्हती. कॅनॉलच्या कडेची जमीन पाणी न सोडताही ओलसर राहते, तसा हा व्होल्टेज.

तो कुठून येतो तेही सांगतो. जिन्याला टू-वे स्विच आहेत. खालच्या आणि वरच्या स्विचमध्ये दोन वायरी धावतात आणि त्यातली एक कायम जिवंत असते. दिवा बंद असतो तेव्हा तो दुसऱ्या, मेलेल्या वायरीला जोडलेला असतो. या दोन्ही वायरी एकाच पट्टीत, एकमेकींना खेटून. दोन खेटलेल्या वायरींमध्ये दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या घरात धारकता (कपॅसिटरसारखा गुण) धरली, तर १० मीटरला १ नॅनोफॅरड होते. ५० हर्ट्झला त्याचा अवरोध सुमारे ३.२ मेगाओहम, म्हणजे २३० व्होल्टवर जास्तीत जास्त ७२ मायक्रोअँपिअर. तारेच्या दिव्याला एवढ्या प्रवाहाची दादही लागत नाही. एलईडीला मात्र तेवढ्यात उजेड फुटतो. काही दिव्यांत आतला कपॅसिटर हळूहळू भरतो आणि दिवा दर काही सेकंदांनी लुकलुकतो. मूळ कारण तेच.

उपाय दिव्यापाशी करायचा. ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गातला कपॅसिटर आणि त्याला सिरीजमध्ये १०० ओहमचा न जळणारा रेझिस्टर, अशी जोडी दिव्याला समांतर. झिरपणाऱ्या १ नॅनोफॅरडसमोर हा शंभरपट मोठा कपॅसिटर आला की दिव्यावरचा व्होल्टेज २३० वरून साधारण सव्वादोन व्होल्टवर येतो. दिवा पूर्ण विझला. दुकानात कपॅसिटर मागताना एक्स२ असं स्पष्ट सांगा. पंख्याचा किंवा नुसता ४०० व्होल्ट डीसी लिहिलेला कपॅसिटर इथे चालत नाही. एक्स२ ची बनावट सतत मेन्सवर राहण्यासाठी असते, आत छोटा भेद झाला तरी तो स्वतःला सावरतो. आणि ही जोडी स्विचला समांतर लावली तर उलट होतं, गळती वाढते.

देवघरात मात्र टेस्ट लॅम्प लावल्यावर चित्र बदललं. स्विच बंद असताना होल्डरच्या एका टोकापासून पलीकडच्या खोलीतल्या खात्रीच्या न्यूट्रलपर्यंत टेस्ट लॅम्प धरला, तर तो पूर्ण पेटला. म्हणजे स्विच फेज तोडत नव्हता, न्यूट्रल तोडत होता. दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये २३० व्होल्ट कायम. समई लावायला वाकलेल्या आईच्या डोक्यावर इतकी वर्षं असा होल्डर होता, याचा विचार करूनही बरं वाटत नाही. तिथे कपॅसिटर लावून उजेड घालवणं म्हणजे रोग झाकणं झालं असतं. जॉइंटमध्ये फेज-न्यूट्रलची अदलाबदल केली, उजेड आपोआप गेला. मिणमिणणारा एलईडी दिसला की आधी स्विच फेजमध्येच आहे ना, एवढं तपासाच. हे काम एमसीबी पाडून आणि वायरमनला सोबत घेऊन करा.

झोपायच्या खोलीत न्यूट्रल न लागणारा टच स्विच होता. असे स्विच स्वतःची वीज दिव्यातूनच थोडी थोडी ओढतात, म्हणून एकच ९ वॉटचा दिवा असला की तो मिणमिणतो किंवा स्विच स्वतःच अडखळतो. मी तो काढला. माझं मत स्पष्ट आहे: जिथे न्यूट्रल नेता येतं तिथे न्यूट्रल न्यावं. केसिंग-कॅपिंगचा इथे मोठा फायदा होतो. वरची पट्टी उचकटली की वायर टाकता येते, भिंत फोडावी लागत नाही. फक्त न्यूट्रल त्याच सर्किटचं हवं. इन्व्हर्टरच्या फेजला मेन्सच्या दुसऱ्या सर्किटचं न्यूट्रल दिलं की आरसीसीबी पडत राहते, कारण गेलेला आणि परत आलेला प्रवाह तिला जुळत नाही.

आता वळवाचा विषय. मे महिन्यात सांगलीत दुपारभर ऊन तापतं, संध्याकाळी वारं सुटतं, आणि मग वीज जाते, येते, परत जाते. अशा एका संध्याकाळनंतर वरची तीन-चार मॉड्यूलं कोरी झाली. घरचं वायफाय विसरली आणि स्वतःचं हॉटस्पॉट उघडून बसली. कुठल्या पिनेला काय जोडलंय ही नेमणूकही पुसली गेली होती, म्हणून भिंतीवरचा स्विच दाबूनही दिवा लागेना. फ्लॅश खराब, पॉवर सप्लाय कमजोर, अशा शंका साहजिक येतात. पण कोरी झालेली सगळी मॉड्यूलं थेट मेन्सवरची होती. इन्व्हर्टरच्या लाइनवरचं एकही हललं नव्हतं. तळमजला सरळ चालायचं दुसरं कारण हेच, खालचे सगळे दिवे इन्व्हर्टरवर आहेत.

उत्तर टॅस्मोटाच्या एका सोयीत आहे. मॉड्यूल भिंतीत अडकलं आणि हाताशी काहीच नसेल तर ते मूळपदावर आणता यावं, म्हणून वीज सलग सात वेळा झटपट चालू-बंद केली की सगळी सेटिंग्ज पुसली जातात. दर वेळी मॉड्यूल १० सेकंदांपेक्षा कमी चालू राहिलं की मोजणी पुढे सरकते. सोय चांगली आहे, पण वळवातली वीज नेमकी तशीच खेळते. कन्सोलमध्ये सेटऑप्शन६५ ला १ केलं की ही मोजणी बंद होते. मी सगळ्या मॉड्यूलांवर ते केलं आणि प्रत्येकाच्या कॉन्फिगरेशनचा बॅकअप खोलीच्या नावानं उतरवून ठेवला. त्यानंतरही वादळं झाली, मॉड्यूलं जागेवर आहेत. सोबत पॉवरऑनस्टेटही पाहून घ्या. दिव्यांना ३ ठीक, म्हणजे वीज आल्यावर आधीची अवस्था परत येते. गिझर किंवा मोटर असेल तर ० हवं, नाहीतर पहाटे वीज आली की रिकाम्या घरातही ती सुरू होईल.

माडीवरच्या बैठकीतला बिघाड वेगळा. फॉल्स सीलिंगमधले १२ डाउनलाइट एका रिलेवर, म्हणजे मॉड्यूलमधल्या विजेनं चालणाऱ्या स्विचवर. मोबाइलवर बंद दिसायचे, छतात चालू. रिलेवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकी टिचकी मारली की विझायचे. हे रिलेचे पॉइंट चिकटल्याचं पक्कं लक्षण. हा एकच बिघाड खरोखर मॉड्यूलमध्ये होता, पण त्याचंही कारण दिव्यांत. १२ दिवे मिळून १०८ वॉट, म्हणजे चालू स्थितीत जेमतेम अर्धा अँपिअर. रिलेवर १० अँपिअर छापलेलं. हिशेब निवांत वाटतो. पण प्रत्येक दिव्याच्या ड्रायव्हरच्या (त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटच्या) तोंडाशी एक रिकामा कपॅसिटर असतो. रिले लागला त्या क्षणी मेन्सची लाट शिखरावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर असेल, तर सगळे कपॅसिटर एकदम भरायला धावतात आणि अगदी थोड्या काळासाठी नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह जातो. पॉइंट तिथेच वितळून जुळतात. छापलेले १० अँपिअर हीटरसारख्या साध्या लोडचे असतात.

मी दिव्यांचे दोन गट केले, दोन रिलेंवर वाटले, आणि प्रत्येकाच्या वाटेत १० ओहमचा एनटीसी घातला. गार असताना तो प्रवाह अडवतो, तापला की रोध कमी होतो. रिले बदलताना पॉइंट सिल्व्हर टिन ऑक्साइडचे पाहून घेतले, ते चिकटायला जास्त विरोध करतात. आता टिचकीची गरज पडलेली नाही.

एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. मिक्सर सुरू केला की स्वयंपाकघराशेजारच्या बोळातला दिवा आपोआप लागायचा. भिंतीवरच्या स्विचपासून मॉड्यूलच्या पिनेपर्यंत गेलेली बारीक वायर २३० व्होल्टच्या वायरींसोबत लांबवर धावत होती आणि अँटेनाचं काम करत होती. मॉड्यूलमधल्या ईएसपी८२६६ चिपचा आतला पुल-अप, म्हणजे पिन ३.३ व्होल्टकडे ओढून धरणारा रोध, कमजोर असतो. बाहेरून ४.७ किलोओहमचा पुल-अप ३.३ व्होल्टला आणि पिनेपाशी ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला दिल्यावर ते थांबलं. पण हे करताना कळकळीनं सांगतो, अशा बहुतेक मॉड्यूलांमध्ये आतलं ग्राउंड मेन्सपासून वेगळं केलेलं नसतं. ३.३ व्होल्टची पिनसुद्धा जमिनीच्या मानानं २३० व्होल्टवर असू शकते. मेन्स जोडलेली असताना मॉड्यूल लॅपटॉपला जोडणारं यूएसबी-सिरीयल कधीही लावू नका, लॅपटॉप आणि माणूस दोन्ही जातील.

गणपतीच्या आरासीसाठी डब्ल्यूएस२८१२बी ची (प्रत्येक एलईडीचा रंग वेगळा ठरवता येणारी) ५ मीटर पट्टी तयार होतेय. मीटरला ६० एलईडी, एकूण ३००. पूर्ण पांढऱ्यावर प्रत्येकी ६० मिलिअँपिअर धरले तर ५ व्होल्टला १८ अँपिअर. एका टोकाकडूनच वीज दिली तर दुसरं टोक पिवळट-तांबूस होतं, कारण व्होल्टेज उतरला की तीनएक व्होल्ट लागणारे निळा आणि हिरवा आधी मान टाकतात, दोनएक व्होल्टवर चालणारा लाल टिकून राहतो. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी वीज दिली, रंग एकसारखा झाला. पट्टी चालवणाऱ्या डब्ल्यूएलईडी सॉफ्टवेअरमध्ये प्रवाहाची मर्यादाही घातली, आरासीला पूर्ण पांढरा कुणाला हवाय. सुरुवातीचे काही दिवे अधूनमधून चमकत होते. पट्टीला डेटा समजायला ५ व्होल्टच्या ७० टक्के, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात आणि ईएसपी देतो ३.३. मध्ये सिग्नल ५ व्होल्टपर्यंत उचलणारी ७४एएचसीटी१२५ चिप बसवली, डेटाच्या वायरीत ३३० ओहम घातला. चमक गेली.

उरलेलं काम: मागच्या दोन खोल्यांत न्यूट्रल ओढायचं आहे. मेन बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवायचा आहे, त्याआधी जुन्या अर्थिंगचं माप घ्यायला वायरमन येणार आहेत. वरच्या टाकीची मोटर ऑटोमेशनवर घेतली की मॉड्यूलचा रिले फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा प्रवाह सोसणाऱ्या रिलेची) कॉइल ओढेल, मोटरचा प्रवाह त्यातून जाऊ देणार नाही. कॉन्टॅक्टर आणून ठेवलाय, जोडणी पुढच्या नोंदीत मापांसकट लिहीन.